डोंगरातले घर आणि ट्राउटची नदी

आंब्याची पहिली पेटी घरात आलेली असते, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि रात्रीच्या जेवणानंतर घरोघरी एकच विषय निघतो : यंदा सुटीत जायचे कोठे? आपण मुंबई-पुण्यास राहत असा, इंदूर-बडोद्यास पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेले असा किंवा नोकरीनिमित्त दिल्ली-हैदराबादेत बिऱ्हाड केलेले असा. प्रश्न तोच, आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले. थंड हवेच्या एखाद्या प्रसिद्ध ठिकाणी जावे, दोन दिवसांत सात स्थळे पाहावीत, प्रत्येक स्थळी छायाचित्र काढावे आणि निघताना जितके दमलेलो होतो त्याहून अधिक दमून घरी परतावे, हा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल.

या लेखात निराळ्या प्रकारच्या सुटीचा बेत सुचवावयाचा आहे. पाच-सहा दिवस एकाच जागी राहावे. ती जागा म्हणजे डोंगरातील एखादे लाकडी घर असावे. हाकेच्या अंतरावर नदी असावी आणि त्या नदीत ट्राउट मासा असावा. हिमाचल प्रदेशात कुल्लू जिल्ह्यातील तीर्थन नदीचे खोरे ही अशा सुटीसाठी उत्तम जागा आहे. बेत अवघड नाही, फार खर्चाचाही नाही. त्याला एकच अट आहे. हा बेत आपल्या सोयीने आखून चालत नाही. तो नदीच्या सोयीने आखावा लागतो. केव्हा जावे, कोठे उतरावे, दिवसाच्या कोणत्या वेळी काठावर बसावे आणि केव्हा तेथून उठावे, हे सारे नदी ठरविते. ही अट पाळणाऱ्या कुटुंबास ती भरभरून देते. न पाळणाऱ्याची मात्र ती गय करीत नाही.

दूरदेशीचा पाहुणा

प्रथम ज्याच्यासाठी जावयाचे त्या माशाची ओळख करून घेऊ. रोहू, कटला किंवा महसीर हे आपल्या नद्यांचे मासे. ट्राउट मात्र आपल्याकडे बाहेरून आला. इंग्लंडमधील ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी १८९९ मध्ये काश्मीरसाठी पाठविलेली ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. पुढील वर्षी, १९०० मध्ये, पुन्हा अंडी पाठविण्यात आली. ती तगली आणि काश्मीरच्या झऱ्यांत हा मासा रुजला. तेथून १९०९ मध्ये तो कुल्लूच्या खोऱ्यात आला. कटराईंजवळ त्यासाठी अंडी उबविण्याचे केंद्र उभारण्यात आले आणि बियास व तिच्या उपनद्यांत पिले सोडण्यात आली. पुढे १९९० च्या सुमारास नॉर्वे देशाच्या सहकार्याने पतलीकूहल येथे ट्राउटपालनाचा प्रकल्प झाला आणि खोऱ्यातील अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीत ट्राउटचे हौद बांधले.

या नद्यांत मुख्यतः दोन जाती आढळतात. तपकिरी ट्राउटच्या अंगावर काळे व तांबडे ठिपके असतात आणि त्यांभोवती फिकट कडे असते. इंद्रधनुषी ट्राउटच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो. दोघांचीही गरज एकच : थंड, वाहते आणि निर्मळ पाणी. पाणी जितके थंड तितका त्यात विरघळलेला प्राणवायू अधिक, आणि या माशास प्राणवायू भरपूर लागतो. दहा ते पंधरा अंश तापमानाच्या पाण्यात तो सुखाने राहतो. वीस अंशांपुढे त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. म्हणून ज्या नदीत ट्राउट नांदतो त्या नदीचे पाणी अद्याप थंड व स्वच्छ आहे असे खुशाल समजावे.

तीर्थनच्या बाबतीत हे आपोआप घडलेले नाही. बियासच्या खोऱ्यात जागोजागी जलविद्युत प्रकल्प झाले. तीर्थनवरही ते व्हावयाचे होते. खोऱ्यातील लोकांनी त्यास विरोध केला, न्यायालयाचे दार ठोठावले आणि ही नदी मोकळी वाहती राखली. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांचा या कामी पुढाकार होता. आपण तिच्या काठी सुटी घालवू शकतो ती या लोकांच्या आग्रहामुळे, ही गोष्ट मुलांना जाण्यापूर्वीच सांगून ठेवावी.

महिना कोणता निवडावा?

ट्राउटची विण हिवाळ्याच्या तोंडाशी होते. मादी नदीच्या तळाशी खडे-वाळूत शेपटीने खळगा करून त्यात अंडी घालते. थंड पाण्यात ती फुटावयास कित्येक आठवडे लागतात. या काळात माशांस त्रास होऊ नये म्हणून हिमाचलात नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते. मार्च ते ऑक्टोबर हे महिने मोकळे. परंतु तेही सारखे नाहीत.

मार्च व एप्रिलमध्ये हवा बरीच थंड असते. मे महिन्यात आणि जूनच्या पूर्वार्धात वरचे बर्फ वितळून पाणी वाढलेले असते, तरी हवा सुखद असते आणि मुलांना सुटी असते. बहुतेक कुटुंबांना हाच काळ सोयीचा. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मात्र साफ वगळावा. पाणी गढूळ असते म्हणून मासा लागत नाही, हे कारण दुय्यम आहे. दरडी कोसळतात आणि नद्या पाहता पाहता फुगतात, हे खरे कारण आहे. २०२३ आणि २०२५ च्या पावसाळ्यांत कुल्लू जिल्ह्यात रस्ते, पूल आणि घरे वाहून गेली, हे आपण वृत्तपत्रांतून वाचले असेलच. पाऊस सरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, नदी उतरते, पाणी काचेसारखे नितळ होते आणि गळ टाकणाऱ्यास याहून चांगले दिवस नाहीत. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल त्या वर्षी हा योग साधता येईल. ती नोव्हेंबरात असेल तर डोंगर पाहावयास अवश्य जावे, गळ मात्र घरी ठेवावा.

वाट आणि मुक्काम

चंडीगडपर्यंत रेल्वेने यावे. तेथून मंडीमार्गे कुल्लूकडे जाणाऱ्या रस्त्याने औट हे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. औट येथे मनालीचा रस्ता लांबलचक बोगद्यात शिरतो. आपण त्यात न शिरता लारजीकडे वळावयाचे. लारजीहून रस्ता तीर्थनच्या काठाकाठाने बंजारला जातो. बंजारपासून गुशैणी सुमारे दहा किलोमीटर. नागिणी, साईरोपा, गुशैणी या गावांच्या परिसरात राहण्याजोगी अनेक लहान घरे मिळतात. घाटांची सवय नसलेल्या मंडळींनी चंडीगड ते गुशैणी हा प्रवास दिवसाउजेडी पुरा होईल अशा बेताने पहाटे निघावे. वृद्ध माणसे बरोबर असल्यास मंडीस एक रात्र मुक्काम करणे शहाणपणाचे.

येथील जुनी घरे पाहण्यासारखी असतात. देवदाराच्या तुळया आणि घडीव दगड यांचे थर एकाआड एक रचून भिंत उभी करतात व कोपऱ्यांवर तुळया एकमेकींत गुंतवितात. चुना-सिमेंट त्यात नसते. या पद्धतीस काठकुणी म्हणतात. काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोपरा. भूकंपात भिंत थोडी हलते, परंतु लाकडाच्या चौकटीमुळे सहसा ढासळत नाही. खाली गुरे, वर माणसे आणि माथ्यावर पाटीच्या दगडाचे छप्पर, अशी जुन्या घरांची मांडणी असे. पाहुण्यांसाठीच्या नव्या घरांत सुखसोयी असल्या तरी लाकडाचा तो वास बहुतेक ठिकाणी अद्याप येतो.

घर ठरविताना मालकास चार प्रश्न स्पष्ट विचारावेत. रस्त्यापासून घरापर्यंत किती पायऱ्या किंवा चढ आहे? नदी ओलांडावी लागते काय, आणि कशाने? (काही घरांना पूल नाही, तारेवर लोंबणाऱ्या पाळण्यात बसून पलीकडे जावे लागते. मुलांना त्याची मौज वाटेल. आजींना वाटेलच असे नाही.) घर नदीच्या पात्रापासून किती उंचीवर आहे? आणि जेवणाची व्यवस्था कशी आहे? तिसरा प्रश्न विसरू नये. पाण्याला अगदी लागून असलेली खोली छायाचित्रात शोभते. परंतु निजण्यासाठी उंचावरील खोली बरी.

सामान बेताचे घ्यावे. मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो. तळव्यास खाच असलेले, न घसरणारे बूट प्रत्येकास हवेत. नेहमीची औषधे परत निघेपर्यंत पुरतील एवढी आणि वर दोन दिवसांची अधिक घ्यावी. रोख पैसेही जवळ असू द्यावेत. परतीच्या तिकिटापूर्वी एक दिवस राखीव ठेवावा. डोंगरात दरड कोसळली की रस्ता आपल्या तिकिटाची वाट पाहत नाही.

परवाना आणि गरी

कोकणातल्या माणसास गरवणे ठाऊक असते. खडकावर बसावे, गरी पाण्यात सोडावी आणि बोटांना हिसका कळेपर्यंत वाट पाहावी. ट्राउटचे गरवणे त्याच कुळातले, मात्र अधिक सावध.

सर्वप्रथम मत्स्य विभागाचा परवाना काढावा. तो कोठे व कसा मिळतो, त्याचे शुल्क किती, दिवसाला किती मासे व किती लांबीचे ठेवता येतात, हे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून घरमालकाकडे किंवा विभागाच्या कार्यालयात आधीच चौकशी करावी. परवाना गळ आणि दांडीने मासे धरण्याचा असतो. जाळे टाकणे चालत नाही. परवान्याचा कागद म्हणजे कटकट असे मानू नये. एकाने दोन ऐवजी दहा मासे नेले तर पाठीमागून येणाऱ्यांची नदी त्याने रिकामी केली, एवढाच त्या नियमांचा अर्थ आहे.

दांडी, चक्री आणि दोरा विकत घेण्याची घाई करू नये. खोऱ्यात भाड्याने साहित्य देणारे आणि बरोबर येऊन शिकविणारे जाणकार मिळतात. पहिले दोन दिवस अशा माणसास बरोबर घ्यावे. त्याला नदीचा स्वभाव ठाऊक असतो आणि आपल्या पैशाने खोऱ्यातील एका घरास हातभार लागतो. नवशिक्यास आमिष म्हणून पाण्यात गरगर फिरणारा धातूचा लहानसा चमचा सोपा. पिसे व दोरे बांधून केलेली कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टाकणे ही वर्षांच्या सरावाची कला आहे.

ट्राउट प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून, बहुधा एखाद्या मोठ्या दगडाच्या आडोशास स्थिर राहतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून त्याच्याकडे खालच्या अंगाने, पाठीमागून जावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, काठावर धपधप पाय आपटू नयेत. उजाडल्यानंतरचे दोन तास आणि सूर्य डोंगराआड गेल्यानंतरची वेळ, या दोन वेळा चांगल्या. भर दुपारी मासाही विसावा घेतो, आपणही घ्यावा.

ज्यांना गळ टाकावयाचा नाही, किंवा ज्यांच्या घरी मासे वर्ज्य आहेत, त्यांनीही काठाशी यावे. कडेच्या घोटाभर पाण्यातील एखादा दगड मुलांना हलकेच उलटून दाखवावा. त्याच्या पोटाशी चपट्या अंगाच्या, शेपटीस बारीक तंतू असलेल्या अळ्या चिकटलेल्या दिसतील; काहींनी वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी बांधलेली असेल. हेच ट्राउटचे अन्न. पाहून झाले की दगड होता तसा ठेवावा. पाठ्यपुस्तकातील अन्नसाखळी इतकी चांगली क्वचितच समजते.

नदीची शिस्त

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ८ जून २०१४ रोजी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल मनालीकडे चालली होती. मंडी जिल्ह्यात थलौट येथे विद्यार्थी बियासच्या पात्रात दगडांवर उतरून छायाचित्रे घेत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडण्यात आले, पातळी काही क्षणांत चढली आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. ती मुले बेफिकीर होती असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. उतरताना त्यांच्यापुढे उथळ, शांत पाणी होते. आपल्यालाही तसेच दिसले असते आणि आपणही उतरलो असतो.

ज्या वाटेने आपण तीर्थनला जाणार तिच्यावरच हे ठिकाण आहे. वाटेत बियासच्या पात्रात, विशेषतः धरणांच्या खालच्या अंगास, गाडी थांबवून कधीही उतरू नये. तीर्थनवर वरच्या अंगास असे धरण नाही. परंतु डोंगरमाथ्यावर पाऊस झाला तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी चढू शकते. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच पुढील नियम सर्वांनी मान्य करावेत.

मुलांनी मोठ्या माणसाशिवाय काठावर जावयाचे नाही. पाण्यात घोट्यापलीकडे कोणीच शिरावयाचे नाही. थंडीने स्नायू आखडतात आणि गुळगुळीत दगडावर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय सरकतो. प्रवाहामधल्या बेटावर किंवा सुट्या खडकावर बसावयाचे नाही. बसण्याच्या जागेपासून वर चढण्याची वाट आधी पाहून ठेवावयाची. पाण्याचा रंग गढूळ झाला, काडीकचरा वाहत येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर गळ, डबा, चपला जेथल्या तेथे टाकून ताबडतोब वर चढावयाचे. या शेवटच्या नियमाची पहिल्याच दिवशी एकदा तालीम करावी. मुले हसतील, हसू द्यावे. वेळ आली तर त्यांचे पाय आपोआप वर वळतील.

मोकळे दिवस

गरवण्यातून उरलेला वेळ कसा जाईल, ही चिंता नको. गुशैणीच्या वरच्या अंगास ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क हे राष्ट्रीय उद्यान आहे. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. उद्यानात जाण्यास परवानगी लागते; ती कोठे घ्यावी हे साईरोपा येथील केंद्रात समजते. हद्दीच्या आत गळ टाकावयाचा नाही. रोल्ला या प्रवेशस्थानाकडे नदीकाठाने जाणारी पायवाट धडधाकट मंडळींना एका दिवसाचा कार्यक्रम पुरविते. दुसऱ्या दिवशी जिभीमार्गे जलोडी खिंडीत जावे. ही खिंड तीन हजार मीटरांहून उंच आहे. तेथे सावकाश चालावे आणि मुलांना धावू देऊ नये.

जेवणात स्थानिक पदार्थ अवश्य मागावेत. सिड्डू हा गव्हाच्या आंबविलेल्या पिठाचा, आत अक्रोड किंवा खसखशीचे सारण भरून वाफविलेला पदार्थ वर तूप घालून देतात; तो पाहून आपणांस नागपंचमीच्या दिंडांची आठवण होईल. राजमा आणि वसंतात मिळणाऱ्या कोवळ्या नेच्याची, म्हणजे लिंगडीची भाजी, शाकाहारी मंडळींना आवडेल. ट्राउटला मसाला बेताचाच लागतो. हळद, मीठ आणि मोहरीचे तेल एवढ्यावर तो उत्तम होतो, आणि त्यात काटे फारसे त्रास देत नाहीत.

येथे एक सूचना घरातील कर्त्या पुरुषांसाठी. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे आणि तेथेही गृहिणीनेच चूल सांभाळावी, अशी सुटी निम्म्याच कुटुंबाची होते. एक तर जेवण मालकाकडून घ्यावे किंवा कामांची वाटणी निघण्यापूर्वी कागदावर करावी. मासा ज्याने आणला त्याने तो साफ करावा. अंथरुणे मुलांनी घालावीत. सकाळचा चहा वडिलांनी करावा. आणि आईला गळ टाकावासा वाटला तर पहिली दांडी तिच्या हाती द्यावी.

मासा हाती आल्यावर

पाच-सहा दिवसांत दोन मासे मिळाले तरी पुष्कळ झाले. एकही न मिळाला तरी नवल नाही. रात्रीच्या जेवणासाठी ट्राउट हवाच असेल तर खोऱ्यातील एखाद्या हौदावरून विकत घ्यावा आणि नदीतला मासा नदीत परत सोडावा. अनेक जाणकार हेच करतात. त्यासाठी गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून चपटा करावा. मासा धरण्यापूर्वी हात पाण्यात भिजवावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि त्यास रोग जडतो. त्याला शक्य तो पाण्याबाहेर काढू नये. गळ सोडवून, तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांच्या ओंजळीत सैलसर धरावे. त्याचे कल्ले उघडझाप करू लागतात, अंगात बळ येते आणि एका झटक्यासरशी तो ओंजळीतून निघून जातो.

हे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे द्यावे, वडिलांनी मात्र त्याचा दंड घट्ट धरून ठेवावा. मासा निसटला की मूल प्रथम हिरमुसेल आणि मग विचारील, “आता तो कोठे गेला?” तो आपल्या दगडाच्या आडोशास परत गेला आहे, पाणी असेच थंड राहिले तर थंडी पडू लागताच खड्यांत त्याची विण होईल आणि कधी काळी पुन्हा येथे आलो तर त्याची पिले मोठी झालेली असतील, असे त्यास सांगावे.

तेव्हा आज रात्री जेवणानंतर दिनदर्शिका आणि नकाशा घेऊन बसावे. पावसाळा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने प्रथम खोडून टाकावेत. राहतील त्या दिवसांतून आपली सुटी निवडावी, एक दिवस राखीव धरावा, कामांची वाटणी करावी आणि नदीचे नियम मुलांच्याच अक्षरात एका कागदावर लिहून काढावेत. तो कागद सामानात सर्वांत वर ठेवावा.